रस्सा कशाचा? हर्सूलहून टोकियोस जाणाऱ्यांसाठी

जळगाव रस्त्यावर हर्सूलच्या टी-पॉइंटपाशी उभे राहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या प्रवासी मोटारी मोजण्यात ज्यांच्या हिवाळ्यातल्या सकाळी गेल्या, त्यांपैकी मी एक. त्या मोटारींतून मधूनच उतरणारी जपानी मंडळी, डोक्याला पांढरी टोपी आणि गळ्यात कॅमेरा अशा थाटात, चहाच्या टपरीपुढे येऊन थबकत आणि कप हाती घेण्यापूर्वी दुभाष्यामार्फत न चुकता एकच पृच्छा करीत, की पाणी कोणते आणि ते उकळले आहे काय. चहा उकळल्यावाचून होतो कसा, हा आमचा प्रतिप्रश्न असे आणि पाहुण्यांची पाठ वळताच टपरीवर त्यांच्या त्या भित्रेपणाची यथेच्छ थट्टा चाले. तलावाचे पाणी पिऊन वाढलेल्या हर्सूलकरांना पाण्याची चौकशी करणारा मनुष्य म्हणजे एक करमणूकच वाटावी, यात नवल नाही. पुढे कितीएक वर्षांनी टोकियोतल्या एका लहानशा भोजनालयाच्या निळ्या पडद्याआड उभा राहून, हातातली चिठ्ठी पुढे करीत, मी स्वतःच जेव्हा ‘पाणी कशाचे?’ असे अजीजीने विचारू लागलो, तेव्हा त्या पांढऱ्या टोप्यांची मला मनोमन क्षमा मागावी लागली.

प्रस्तुत टिपण माझे एकट्याचे नव्हे. चिरंजीव टोकियोत संगणक अभियंता असल्यामुळे नव्वद दिवसांच्या परवान्यावर मी व आमचे कुटुंब तेथे दोनदा राहून आलो आणि सरकारी दप्तरात अव्वल कारकून म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाची खोड जात नसल्यामुळे, तेथे वर्षानुवर्षे स्थायिक झालेल्या दहाबारा मराठी कुटुंबांच्या जबान्या मी एका वहीत रीतसर उतरून घेतल्या. त्यांत छत्रपती संभाजीनगरची तीन बिऱ्हाडे आहेत, जालना-बीडकडची दोन आणि उरलेली बहुतेक पुण्याकडची. कोणी पंचवीस वर्षांमागे गेलेले, कोणी परवा परवा. जबान्यांत परस्परविरोध पुष्कळ निघाला, आणि जेथे रुजवात घालता आली नाही तो मजकूर मी गाळला आहे. हे सांगण्याची निकड आता अधिक वाटते, कारण आपल्या भागातून जपानी कंपन्यांच्या नोकरीवर जाणारी मुले वाढत आहेत, बिडकीनसाठी टोयोटा किर्लोस्करने २०२४ साली करार केल्यापासून तर जपानी भाषेचे वर्ग काढण्याची चढाओढच लागली आहे, आणि त्या वर्गांत ‘हे पुस्तक आहे’ येथून प्रारंभ करतात. ‘ही भाजी कशात शिजली?’ येथपर्यंत कोणी पोहोचवीत नाही.

पहिले आठ दिवस कोठे जेवावे, याविषयी मात्र सर्व जबान्यांत एकवाक्यता आहे: निशी-कासाई. टोकियोच्या पूर्वेस, आराकावा नदीपलीकडे, एदोगावा विभागात तोझाई भुयारी मार्गावरचे हे स्थानक. इसवी सन २००० चा आकडा संगणकांना पेलेल की नाही या धास्तीने जपानी कचेऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस हिंदी अभियंते बोलावले, त्यांना दलाली, जामीनदार किंवा घरमालकाची ‘कृतज्ञता-रक्कम’ न मागणारी सरकारी गाळ्यांची घरे या भागात मिळाली, आणि मोठमोठ्या कचेऱ्यांच्या ओतेमाची भागाकडे थेट गाडी असल्यामुळे वस्ती तेथेच फोफावली. या एकट्या तरुणांच्या जेवणाची आबाळ पाहून कलकत्त्याचे चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी यांनी त्यांच्यासाठी खानावळीची तजवीज केली, ही हकीकत तेथील प्रत्येक जुना माणूस सांगतो. त्याच वस्तीतून योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ एप्रिल २०१९ मध्ये एदोगावाच्या विभागसभेवर निवडून गेले, आणि त्यांच्या मातोश्रींच्या हातचे घरगुती जेवण देणारे ‘रेका’ नावाचे उपाहारगृह याच निशी-कासाईत होऊन गेले, ज्याच्या आठवणी काढताना एका पुणेकर भगिनीचा आवाज माझ्यासमोर भरून आला होता. साबुदाणा, तूरडाळ, कणीक, हिंग, क्वचित ज्वारीचे पीठसुद्धा येथील दुकानांत मिळते. तेव्हा आठ दिवस खुशाल राहावे. नवव्या दिवशी मात्र नदी ओलांडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण पंधरा-पंधरा वर्षे टोकियोत काढून निशी-कासाई व कचेरी यांपलीकडचा एकही उंबरठा न ओलांडलेली मराठी मंडळी मी पाहिली आहेत, आणि जगात मिशेलिनचे तारे ज्या नगरीच्या पदरी सर्वांत अधिक, तिच्यात राहून डब्यातला पोळीभाजीचा संसार करणे हा संयम आहे की केवळ संकोच, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता माझी स्वतःची फजिती. आमचे कुटुंब माळकरी. टोकियोस उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी स्थानकाजवळच्या एका सोबाच्या दुकानात (सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया) काचेच्या कपाटात मांडलेले मेणाचे नमुने पाहून आम्ही बोटाने दाखविले, तर पालेभाजी, अळंबी आणि कांद्याची पात घातलेली वाफाळती वाटी आमच्यापुढे आली. मांसाचा तुकडा नाही, मासळीचा वास नाही, अंडे नाही. चव मात्र अशी काही खोल, की सौभाग्यवती म्हणाल्या, ‘ह्यांच्या आळणी पाण्यालासुद्धा काय चव आहे हो!’ सलग तीन दिवस आम्ही दुपारी तेथे गेलो. चौथ्या दिवशी सूनबाई सोबत आल्या, वाटी पाहिली आणि क्षणभर गप्प राहून म्हणाल्या, “आबा, आईंना हे कुणी दिलं? इथं भाजी बघून चालत नाही. पाणी कशाचं ते विचारायचं.” त्या रात्री आमच्या घरी चूल पेटली नाही. दुकानदाराचा यात लेशमात्र दोष नव्हता. आम्ही बोट दाखविले ते त्याने वाढले.

ते पाणी म्हणजे दाशी. जपानी पाकशास्त्राचे सारे रहस्य या दोन अक्षरांत आहे. बोनिटो नावाचा मासा उकडून, धुरी देऊन, पुनःपुन्हा वाळवून व बुरशीच्या संस्कारातून काढून इतका कठीण करतात की तो हाती घेतला तर लाकडाची गाठ वाटावी. मग सुताराचा रंधा उलटा करून पेटीवर बसवावा तशा एका यंत्रावर त्याच्या पापुद्र्यासारख्या चकत्या काढतात, त्या गरम पाण्यात क्षणभर सोडतात आणि गाळून फेकून देतात. उरते ते पिवळसर, नितळ पाणी, ज्यात मासा दिसत नाही, पण असतो. आपल्याकडे आठवडी बाजारात सुकट येते तेव्हा तिची वार्ता चार दुकाने अलीकडेच नाकास लागते. हा मासा तसा नाही, तो गाळलेल्या पाण्यात निमूटपणे बसून राहतो. मिसो नावाच्या सोयाबीनच्या आमटीत तो आहे, सोबा-उदोन या शेवयांच्या रश्शात आहे, तळलेल्या भाजीसोबत येणाऱ्या पातळ चटणीत आहे, भोपळ्याच्या गोडसर भाजीत आहे, इतकेच काय, पालकाच्या थंड कोशिंबिरीवरही शिंपडलेला आहे. याखेरीज निबोशी, म्हणजे वाळवलेल्या बारीक मासळीची दाशी निराळी. परंतु याच कुळात दोन सात्त्विक भावंडेही आहेत: कोम्बु नामक सागरी वनस्पतीची दाशी आणि वाळवलेल्या शिइताके अळंबीची दाशी. कोम्बुच्या पाण्यातली ती खोल चव कशामुळे, याचा छडा लावून किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली तिला ‘उमामी’ हे नाव दिले; तेव्हा जी चव आमच्या सौभाग्यवतींनी वाखाणली, तिच्यावर जगातल्या प्रयोगशाळांनीही शिक्कामोर्तब केलेले आहे, फक्त तिचा उगम कोणत्या जीवात, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

म्हणून नवागताने ‘मी शाकाहारी आहे’ हे वाक्य पाठ करण्यात शक्ती खर्चू नये. ‘बेजितारियन’ म्हटले की कित्येक ठिकाणी मासळी चालते असे गृहीत धरतात. ‘निकु’ म्हणजे मांस वर्ज्य आहे असे सांगितले, तर कोंबडी किंवा हॅमचे बारीक तुकडे त्या व्याख्येबाहेर समजणारे वाढपीही भेटतात, आणि त्यात लबाडी नसून केवळ भाषेचा शिरस्ता असतो. अलीकडे ‘बीगान’ हा शब्द बरा चालतो. पण सर्वांत खात्रीचा उपाय चिठ्ठीचा. सूनबाईंनी आमच्यासाठी एका जाड कार्डावर जपानी लिपीत चार ओळी लिहून दिल्या, ज्यांचा उच्चार असा: ‘निकु तो साकाना वो ताबेमासेन. तोरिनिकु मो दामे देसु. कात्सुओ दाशी मो दामे देसु. कोम्बु दाशी नारा दाइजोबु देसु.’ मांस व मासे खात नाही, कोंबडीही नको, बोनिटोची दाशीही नको, कोम्बुची असेल तर हरकत नाही. या चवथ्या ओळीचे महत्त्व जबान्यांत सर्वांनी ठासून सांगितले आहे. नुसते ‘नको, नको’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढे जपानी मनुष्य हात जोडून, मान तुकवून, अत्यंत नम्रपणे असमर्थता व्यक्त करतो. पण काय चालेल हे सांगितले की त्याच्या डोक्यात चक्र फिरू लागते. आमच्याच बाबतीत एका आठ खुर्च्यांच्या दुकानातील वृद्ध आचाऱ्याने चिठ्ठी दोनदा वाचली, काही न बोलता आत गेला, आणि बाहेर आला तो हातात एक ओली, काळपट हिरवी, चामड्याच्या पट्ट्यासारखी वस्तू लोंबकळत होती. ती त्याने सौभाग्यवतींच्या नाकापाशी धरली. कोम्बु! ‘हेच पाणी, दुसरे नाही,’ हा खुलासा त्याने शब्दावाचून केला, आणि शेवया खाऊन होईतो तो पट्टा समोरच्या ताटलीत पुराव्यादाखल ठेवलेला होता.

ही एक गोष्ट ध्यानी आली की अर्धे नगर मोकळे होते. शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध मठांतले भोजन, हे तर आपल्याच नात्यातले. ‘शोजिन’ हा शब्द संस्कृत ‘वीर्य’ या शब्दाचे भाषांतर, अर्थ साधनेतील निष्ठापूर्वक प्रयत्न. त्यात मांस-मत्स्य तर नाहीच, पण कांदा-लसूण आदी उग्र पदार्थही वर्ज्य, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या माणसाला तेथे परकेपण वाटत नाही. शिंजुकूहून केइओ मार्गाच्या गाडीने पाऊण-एक तासात ताकाओ पर्वत येतो, जेमतेम ५९९ मीटर उंचीचा; तेथील याकुओ-इन मंदिरात आगाऊ नोंद करून हे भोजन मिळते. तिळाचे तोफू, डोंगरी पालेभाज्या, लोणची, भात. प्रत्येक पदार्थ निराळ्या लाखी भांड्यात आणि प्रमाण असे की पंगतीत आग्रह करकरून वाढण्याची सवय असलेल्या मराठवाडी माणसाने घरून दोन घास खाऊन निघावे. सुशीच्या दुकानी काकडीची ‘कप्पा-माकी’ मिळते, आणि तेथे बसले असता आचारी भाताला ‘शारी’ म्हणतो हे कानावर पडते. बुद्धाच्या अवशेषांना जपानीत हाच शब्द आहे आणि तो संस्कृत ‘शरीर’ शब्दापासून आलेला, भाताच्या पांढऱ्या दाण्यांचे साम्य त्या पवित्र कणांशी जोडलेले, असे सांगतात. कोणी ‘शालि’ म्हणजे साळीचा संबंध लावतात. अजिंठ्याच्या वाटेवर जन्मलेल्या माणसाला दोन्ही व्युत्पत्ती सारख्याच प्रिय वाटाव्यात. घाईच्या दिवसासाठी टोकियो स्थानकातच, तिकिटाच्या फाटकाच्या आत, ‘टीज तानतान’ हे दुकान आहे, जेथील रामेन (रश्शातल्या शेवया) पूर्णतः प्राणिजन्य पदार्थविरहित असते. डुकराच्या हाडांचा रस्सा हीच ज्या पदार्थाची ख्याती, तो तिळाच्या रश्शात इतका उत्तम होतो हे आमच्या चिरंजीवांस अजूनही मान्य नाही, पण दर शनिवारी ते तेथे दिसतात.

जपानी ‘कारे राइसु’विषयी एक इशारा. ही करी भारतातून नव्हे, तर मेइजी काळात इंग्रजांच्या मार्गाने तेथे पोहोचली आणि दाट, गोडसर, पिठाळ होऊन बसली. ‘भाजीची करी’ असे नाव असले तरी तिच्या पाण्यात गोमांसाचा अर्क वा चरबी असण्याचा संभव मोठा. कोकोइचिबान्या या करीच्या दुकानमालिकेत मांसविरहित रश्शाची एक निराळी करी ठेवतात, तिची नावानिशी मागणी करावी. तिखटाची पातळी आकड्यांत सांगावयाची असते आणि संभाजीनगरच्या तरुणांनी पहिल्याच दिवशी शौर्य दाखवू नये.

आणि मग ती हिंदी उपाहारगृहे! टोकियोच्या कोणत्याही स्थानकाबाहेर तिरंगी पताका व ताजमहालाचे चित्र लावलेले एक दुकान असतेच. आत शिरून ‘काय भाऊ, कुठले?’ असे विचारावे तो बहुधा उत्तर येते ‘पोखरा’ किंवा ‘बागलुंग’. कारण ही दुकाने बहुतांशी नेपाळी बांधव चालवितात आणि जपानी लोकांनी त्यांना ‘इन्नेपा’ असे जोडनावही दिले आहे. तेथील नान हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. ताटाबाहेर दोन्ही बाजूंस लोंबणारा, लोण्याने चकाकणारा, चवीला चक्क गोड, कधी पोटात चीज भरलेला, आणि हवा तितका पुन्हा मागा, दाम तेवढेच. ज्याने आपल्या शहरात लग्नाच्या पंगतीत हळदीचा पिवळा हात लागलेला नान खलियात बुडवून खाल्ला आहे, त्याने तो नान पाहून हसावे की रडावे? माझा निवाडा असा, की त्याला नान समजूच नये. जपानात जन्मलेला तो एक नवा प्राणी आहे, आणि लहान मुले त्यावर बेहद्द खूश असतात. नेपाळी आचाऱ्याकडे मात्र पत्रिकेत नसलेला डाळ-भात-तरकारी हिंदीत मागून पाहावा. बहुधा मिळतो, आणि वाढणारा जरा अधिकच वाढतो.

जुन्या घराण्यांची ओळख करून घेणे हे मी कर्तव्य मानतो. शिंजुकूचे नाकामुराया हे मूळचे पावाचे दुकान. १९१५ साली जपानात आश्रयास आलेल्या रासबिहारी बोसांना त्याच्या मालक दांपत्याने, सोमांनी, इंग्रजांच्या हेरांपासून दडवून ठेवले, त्यांची कन्या तोशिको पुढे बोसांची पत्नी झाली आणि अकाली वारली, आणि १९२७ च्या जूनमध्ये त्या दुकानाने आपले उपाहारगृह काढले तेव्हा बोसांच्या आग्रहावरून खरी हिंदी करी तेथे सुरू झाली, जी आजही मिळते. कोंबडीची असल्यामुळे आम्ही ती केवळ पाहिली. हिगाशी-गिंझातील नायर यांचे उपाहारगृह १९४९ चे, तेही स्वातंत्र्यसंग्रामातील एका मल्याळी क्रांतिकारकाने, ए. एम. नायर यांनी, काढलेले. तेथे भात, कोबी आणि कोंबडीचे ताट पुढ्यात ठेवून वाढपी सांगतो, की सगळे नीट कालवून खा. पदार्थ एकमेकांस न भिडू देण्याचे व्रत घेतलेल्या राष्ट्रात कालवण्याची दीक्षा देणारे हे एकमेव पीठ असावे! आणि तिसरे नाव वाचून तर हर्सूलचा माणूस जागीच थबकेल: ‘अजंता’. १९५७ साली आसागाया येथे एका दक्षिणी कुटुंबाने काढलेले आणि पुढे कोजिमाची येथे नांदते झालेले हे उपाहारगृह. तेथे मसाला डोसा खाताना सौभाग्यवतींनी वाढप्याला हिंदीत ऐकविले, की ज्या लेण्यांचे नाव तुम्ही लावले, त्यांचा रस्ता आमच्या दारावरून जातो. त्याला त्याचे विशेष वाटले नाही. आम्हांला पुष्कळ वाटले. अजिंठा-वेरूळ संवर्धनाच्या योजनेसाठी १९९२ पासून जपानचे कर्जसाहाय्य आले, त्यातून आमच्या भागातले रस्ते सुधारले, याची परतफेड एका डोशाने व्हायची नव्हती. पण बिल मी दिले.

संभाजीनगरच्याच एका मुस्लिम कुटुंबाची जबानी येथे जशीच्या तशी उपयोगी आहे. त्यांच्या मते शिन-ओकुबो स्थानकाजवळची एक गल्ली, जिला जपानी लोक ‘इस्लाम योकोचो’ म्हणतात, ती हलाल मांस, मसाले आणि बासमतीसाठी पहिली. जुम्म्याची नमाज योयोगी-उएहारा येथील तुर्की धाटणीच्या टोकियो जामी मशिदीत, आणि तेथल्याच दुकानातून आठवड्याचा बाजार. शाकाहाऱ्याप्रमाणेच त्यांचाही प्रश्न पाण्याशीच येऊन ठेपतो, फक्त त्यांच्या चिठ्ठीत डुक्कर म्हणजे ‘बुता’ आणि स्वयंपाकातली मद्यार्क असलेली ‘मिरिन’ व ‘साके’ ही नावे वाढतात. शिन-ओकुबोचा मुख्य रस्ता कोरियन भोजनालयांचा. ताकादानोबाबाकडे ब्रह्मी लोकांची, इकेबुकुरोच्या उत्तर दारी चिन्यांची दुकाने. ओकाचिमाचीत हिरे-माणकांच्या व्यापारामुळे जैन मंडळींची वस्ती आहे, तेथे शुद्ध शाकाहारी दाक्षिणात्य जेवण बिनचौकशी घ्यावे. टोकियोत पाणी कशाचे हे न विचारता बसता येईल, असा तो विरळा भाग.

रीतिरिवाजांचा तपशील थोडक्यात देतो, कारण तो डोळ्यांनी पाहून लवकर येतो. गुलमंडीत भोजनगृह म्हणजे रस्त्याला लागून, असा आपला समज. तेथे सातव्या मजल्यावर एक, तळघरात दुसरे, आणि इमारतीच्या कडेला उभ्या पाट्यांची शिडी. मान वर करून चालावे. दारावरचा पडदा बाहेर टांगलेला असेल तर दुकान चालू, आत ओढून घेतला असेल तर बंद. पुष्कळ ठिकाणी दाराशी यंत्र असते. त्यात पैसे टाकून बटण दाबावे, चिठोरे आचाऱ्यास द्यावे, आणि याच क्षणी, चिठोऱ्यासोबतच, आपली ती चार ओळींची चिठ्ठीही द्यावी. नंतर देऊन उपयोग नाही. दुपारचे ‘तेइशोकु’ म्हणजे ठरलेले ताट १००० येनच्या आसपास पोट भरते, रात्री तेच दुप्पट. इझाकाया नामक मद्यगृहात न मागितलेली एक वाटी पुढे येते व हिशेबात ३०० ते ५०० येन चढतात. तिला ‘ओतोशी’ म्हणतात, ती बैठकीची पट्टी समजावी, भांडू नये. बक्षिशी देण्याचा प्रयत्न केल्यास वाढपी रस्त्यावर धावत येऊन पैसे परत करतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून तेथे बसून खाल्ल्यास दहा टक्के आणि बांधून नेल्यास आठ टक्के कर आहे, आणि एका जालनेकर गृहिणीने सहा वर्षे हा दोन टक्क्यांचा फरक वाचवून जवळच्या बागेत बाकावर डबा उघडण्याचा नेम ठेवला आहे, जो मला अनुकरणीय वाटला. शेवया सुरकन ओढून खाव्यात, आवाज झाला तर यजमान सुखावतो. मात्र भातात काड्या उभ्या रोवू नयेत आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नये. पहिले मृताच्या उशाशी ठेवलेल्या भातात करतात, दुसरे दहनानंतर अस्थी सावडताना, आणि राख सावडणे ज्या समाजास ठाऊक आहे त्यास याहून अधिक सांगावयास नको.

गोडाची बाब स्वतंत्र सांगितली पाहिजे, कारण तेथे धोका कमी आणि आनंद मोठा. लाल अझुकी कडधान्य शिजवून, साखर घालून, आटवून जे ‘आन्को’ करतात ते पाहताच घरात पुरण शिजल्याचा भास होतो. वेलची-जायफळ नाही, चणाडाळीची खमंगी नाही, पण चमचा उभा राहतो तो त्याच दाटपणाने. तांदळाच्या मऊ पिठाच्या पारीत ते भरले की ‘दाइफुकु’, भाताच्या गोळ्यावर लिंपले की ‘ओहागी’. ही दोन्ही आमच्या घरी निर्धास्त चालली. ‘दोरायाकी’त मात्र अंडे असते. गणेशोत्सवात टोकियो मराठी मंडळाच्या मंडळींत उकडीच्या मोदकासाठी जपानी तांदळाच्या पिठाची कोणती जात बरी, यावर दरवर्षी दोन तट पडतात. माझ्या वहीत त्या वादाची चार पाने आहेत, ती येथे उतरीत नाही. भाजलेल्या सोयाबीनचे ‘किनाको’ हे पीठ आपल्या डाळ्याच्या पिठासारखे लागते. दुधात साखरेसह कालवून सौभाग्यवती तेच न्याहारीला घेऊ लागल्या होत्या.

राहता राहिला उपवास. साबुदाणा निशी-कासाईहून आणून ठेवता येतो, शेंगदाणे सर्वत्र मिळतात, भगर आपल्याबरोबर न्यावी. कार्तिकी एकादशीच्या संध्याकाळी आम्ही घरी बसलो असताना खालच्या रस्त्यावरून लांब, रडवेल्या सुरात कोणी तरी ओरडत चालल्याचे ऐकू आले: ‘याकी-इमोऽऽ, इशी-याकी-इमोऽऽ’. खिडकीतून पाहतो तो एक लहानशी टेम्पोवजा गाडी, मागे धुरांडे, आणि वाफ. रताळी! सौभाग्यवती चपला घालून खाली उतरल्या, मी व सूनबाई मागोमाग. म्हाताऱ्याने झाकण उघडून जांभळ्या सालीचे एक जाड रताळे वर्तमानपत्रात गुंडाळले. साल फुटली होती आणि आतला गर पिवळाजर्द, चिकाने ओथंबलेला. हात पुढे करण्याआधी आमच्या कुटुंबाने सूनबाईंकडे पाहिले, आणि तीन महिन्यांत तोंडपाठ झालेला प्रश्न त्यांच्याकडून विचारून घेतला, की पाणी कशाचे. म्हातारा आधी गोंधळला, मग मोठ्याने हसला, आणि गाडीतल्या तापलेल्या खड्यांच्या थरात लोखंडी चिमटा खुपसून त्याने ते वरखाली करून दाखविले. “पाणी नाहीच म्हणतोय, आई,” सूनबाई म्हणाल्या, “नुसते दगड.”